गिऱ्हाइकाची तुटकी इंग्रजी अक्षरं कशी वाचायची

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ चप्पल लाइनीत आमचं दुकान आहे. परदेशातली गिऱ्हाइकं चॅटवर बोलतात, निम्मे शब्द गाळून. एका बाईंनी कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, असा जोड सांगितला आणि तासाभरानं नुसतं 'एनव्हीएम' लिहिलं. नेव्हर माइंड, म्हणजे राहू द्या. मला कळलं नाही, जोड कुरिअरनं गेला. तेव्हापासून गल्ल्याशेजारी वही ठेवलीय.

पहिल्यांदा अक्षरं मोठ्यानं वाचा. 'जीआर' आणि पुढं इंग्रजी आठ असेल तर आठाचा उच्चार 'एट' जोडा, ग्रेट होतं. 'यू' एकटा असला तर तुम्ही. ही काटकसर जुनी आहे: एका एसएमएसमध्ये १६० इंग्रजी अक्षरंच मावायची, देवनागरीत तर ७०. 'ओएमजी', ओ माय गॉड, मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीचं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे.

उच्चारानं उलगडलं नाही तर प्रत्येक अक्षराला एक शब्द धरा. 'बीआरबी', बी राइट बॅक, म्हणजे आलोच. तेव्हा फोटोंचा मारा करू नका, थांबा. 'एएसएपी' म्हणजे लवकरात लवकर. लगेच पोचायची तारीख कळवा. 'टीबीएच' म्हणजे खरं सांगायचं तर. यापुढचं वाक्य दोनदा वाचा, बहुतेक वेळा तिथंच तक्रार असते.

'एलओएल', लाफिंग आउट लाउड, हसण्याचं आहे, प्रेमाचं नव्हे. कुणाच्या दुःखाच्या बातमीखाली ते कधीही टाकू नका.

आणि तरीही अडलं तर सरळ विचारा, 'व्हॉट डज धिस मीन?' माझ्यावर आजवर कुणी चिडलेलं नाही.