सिडनीत नवीन आलात, घरी लहान मूल आहे आणि जवळ स्विमिंग पूल आहे? मग हे वाचा

दर ऑक्टोबरमध्ये ऊन तापायला लागलं की नव्याने आलेल्या कुणाचा तरी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. नवं भाड्याचं घर, मागे निळंशार पाणी, पाण्यात पाय सोडून बसलेलं दोन-तीन वर्षांचं पोर. खाली 'मज्जा आहे बुवा'ची रांग. मी मात्र मागचं, पूलच्या कुंपणाचं फाटक बघते. अनेकदा ते उघडंच असतं, आणि बंद होऊ नये म्हणून त्याला खुर्ची नाहीतर कुंडी लावलेली असते.

बँक खातं, टॅक्स फाइल नंबर, लायसन्स याबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील. पूलबद्दल कुणी सांगत नाही, कारण इथे वाढलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

आधी एक गैरसमज. पाण्याचा धोका म्हटलं की आपल्याला बाँडाय बीचच्या लाटा दिसतात. पण ऑस्ट्रेलियात पाच वर्षांखालची मुलं सर्वात जास्त बुडतात ती घरच्या पूलमध्ये. आणि बऱ्याचदा ती पोहण्याची वेळही नसते. मूल अंगात रोजचे कपडे घालून, खेळता खेळता, घरातच असेल अशी सगळ्यांची समजूत असताना पाण्यात जातं. ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर असताना आवाज काढायला श्वासच उरत नाही. म्हणून 'काही झालं तर ऐकू येईल की' हा हिशेब डोक्यातून काढून टाका. मूल दिसेनासं झालं तर पलंगाखाली, कपाटात नंतर शोधा. पहिली धाव पाण्याकडे.

बहुतेकांचं पहिलं घर अपार्टमेंटमध्ये असतं आणि तिथे सगळ्यांचा मिळून एक पूल असतो. त्यावर लाईफगार्ड नसतो. आपल्याला हॉटेल-क्लबमधल्या शिट्टीवाल्या माणसाची सवय असते, तो इथे फक्त सार्वजनिक पूलवर भेटेल. तिथेही नियम असा की पाच वर्षांखालच्या मुलाचा पालक हाताच्या अंतरावर हवा, काठावरच्या बाकावर फोन घेऊन नव्हे.

आता फाटक. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, पूलच्या कुंपणाचा सध्याचा कायदा 1992 चा आहे. कुंपण किमान 1.2 मीटर उंच, खालची फट 10 सेंटिमीटरहून जास्त नको, फाटक पूलपासून बाहेरच्या दिशेला उघडणारं आणि हात सोडला की आपोआप मिटून कडी लागणारं. मला महत्त्वाची वाटते ती कुंपणाभोवतीची 90 सेंटिमीटरची मोकळी जागा. तिथे मुलाला पाय ठेवून वर चढता येईल असं काहीही नको: खुर्ची, कुंडी, सायकल, बार्बेक्यू, एसी चं बाहेरचं यंत्र. तीन वर्षांचं मूल प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊ शकतं हेही धरून चाला. अंगणातल्या हलक्या खुर्च्या वापरून झाल्या की आत.

फाटकाची परीक्षा अशी घ्या. आधी पूर्ण उघडून सोडा. मग अर्धं उघडून सोडा. मग जेमतेम वीतभर उघडून सोडा. तिन्ही वेळा धक्का न देता कडी लागली पाहिजे. वीतभर उघडलेल्या फाटकाला जोर कमी पडतो, बिजागरीची स्प्रिंग थकली असेल तर ती इथेच पकडली जाते. कडी लागली नाही तर त्याच दिवशी एजंटला ईमेल करा, फोन नको, लेखी हवं. दुरुस्ती घरमालकाचं काम आहे. फाटक बंद ठेवणं आणि खुर्च्या हलवणं तुमचं. पूल असलेलं स्वतंत्र घर भाड्याने घेताना करारासोबत पूलच्या अनुपालनाचं (कुंपण नियमांप्रमाणे असल्याचं) प्रमाणपत्र मागा, ते तीन वर्षं चालतं. राज्याच्या पूल रजिस्टरवर पत्ता टाकून आपल्यालाही बघता येतं. एजंट 'येईल नंतर' म्हणाला तर सही पण नंतर.

आणि ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसले ती: हवा भरायचा पूल. पूल नसलेल्या घरात राहणारी मंडळी डिसेंबरच्या उकाड्यात दुकानातून मोठा, गुडघ्याच्या वर येणारा रबरी पूल आणतात. मुलं खूश. ओळखीतल्या एका जोडप्याकडे काऊन्सिलचा (इथल्या नगरपालिकेचा) माणूस आला तेव्हा त्यांना कळलं की 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावू शकत असेल तर त्यालाही तेच कुंपण, तेच फाटक लागतं. त्यांचा बचाव होता, 'आम्ही घोट्याएवढंच पाणी भरतो'. कायदा तुम्ही किती भरता ते विचारत नाही, किती मावतं ते विचारतो. 30 सेंटिमीटर म्हणजे शाळेच्या कंपासपेटीत न मावणारी ती लांब फूटपट्टी, बस. दुकानदार हे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. घ्यायचाच तर ठेंगणा घ्या, खेळ संपला की लगेच रिकामा करा आणि पालथा घाला. पावसाचं पाणीही त्यात साठतं. लहान बाळांना बुडायला बाथटब आणि भरलेली बादलीसुद्धा पुरते.

आता आपल्या लोकांबद्दल, थोडं कडू. ऑस्ट्रेलियन माणूस दुकानात अनवाणी येईल, पण फाटकाला खुर्ची टेकवलेली दिसली तर ओळख नसतानाही तुम्हाला सुनावेल. त्याचा राग मानू नका. (बिअरच्या चौथ्या बाटलीनंतर त्याच्यावरही विसंबू नका.) आपल्याकडे उलटं. कुणाकडे तरी हळदीकुंकू नाहीतर गणपतीची आरती, चाळीस माणसं, पंधरा पोरं, आणि प्रत्येक आईला वाटतं की एवढी माणसं आहेत, कुणाचं तरी लक्ष असेलच. आरती चालू झाली की सगळ्यांची पाठ पूलकडे. ताटं नेता-आणताना दर वेळी कडी उचलायचा कंटाळा, म्हणून फाटक टेकवून उघडं. फाटक असं अडकवून ठेवणं बेकायदाच आहे, यजमान कितीही ज्येष्ठ असले तरी. जाऊन बंद करा. 'काय वहिनी, उगाच बाऊ करता' हे मी बऱ्याच वर्षांपासून ऐकते आहे, अजून माझं काही बिघडलेलं नाही.

मुलं पाण्यात उतरणार असतील तर एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. 'सगळ्यांनी बघा' नव्हे, 'पुढची पंधरा मिनिटं समीरदादा'. त्याने फोन खिशात ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत, आणि सुटी घेताना पुढच्याच्या डोळ्यांत बघून 'आता तू' म्हणायचं. त्याला पोहता येत असलं पाहिजे. पोहणं संपलं की चेंडू, बदकं सगळं पाण्यातून काढा. तरंगणारं खेळणं मुलाला परत बोलावतं.

आई-बाबा नातवंडं सांभाळायला येतात तेव्हा विमानतळावरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना फाटक दाखवा. वरचा गोळा ओढून उघडायची कडी त्यांनी कधी पाहिलेली नसते. स्वतः दोनदा उघड-बंद करू द्या. आणि हे स्पष्ट सांगा: पोहता येत नसेल तर साडी-धोतरासह उडी मारायची नाही. लांब काठी किंवा टॉवेल पुढे करायचा, आरडाओरडा करायचा आणि 000 हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहून ठेवा. इंग्रजी अडलं तरी आधी 'अ‍ॅम्ब्युलन्स' म्हणायचं, मग 'मराठी'.

पोहण्याचे क्लास लवकर लावा आणि थंडीत बंद करू नका. दंडाला बांधायचे फुगे ही खेळणी आहेत. पोहायचा पोशाख भडक नारिंगी नाहीतर पोपटी घ्या; निळा पाण्यात दिसत नाही. आयांनो, तुम्हीही शिका. पूर्ण बाह्यांचा रॅश व्हेस्ट (पोहताना घालायचा घट्ट शर्ट) आणि लेगिंग घालून खुशाल उतरा, इथे कुणी वळूनही बघत नाही.

शेवटचं, सीपीआर, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. पूलजवळ त्याचा तक्ता लावलेला असणं बंधनकारक आहे, पण त्या क्षणी तो वाचून काही होत नाही. 30 वेळा छाती दाबणं, 2 श्वास, हे हाताला माहीत असावं लागतं. बुडालेल्या मुलात श्वास देणं वगळू नका. मूल शुद्धीवर आलं, हसायला लागलं, तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच. काही तासांचा कोर्स असतो, दर वर्षी उजळणी करायची. नवरा-बायको दोघांनी करा, आजोबांनाही घेऊन जा. गुडघे टेकता येतील असे कपडे घाला, दोन मिनिटं बाहुली दाबताना चांगलाच घाम निघतो.