‘थ्री हंड्रेड’चा लूक हवाय? मग कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी उघडा

शिवजयंती जवळ आली की माझ्याकडे पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतात. आत पावनखिंडीवरची शॉर्ट फिल्म असते आणि मागणी ठरलेली: “ताई, थ्री हंड्रेडसारखं करून द्या.” फुटेज उघडावं तर दुपारी बाराचं ऊन, मागे हिरवंगार गवत आणि एका मावळ्याच्या मनगटावर घड्याळ. यावर नेटवरचा तयार फिल्टर टाकला की गवत राखाडी होतं आणि माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून माझं पोट भरतं, तरी रंगांचा नाद जुना आहे. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी तो सिनेमा तसा का दिसतो ते बघा. झॅक स्नायडरचा हा सिनेमा २००७ साली थिएटरात आला. गोष्ट इ. स. पू. ४८० मधल्या थर्मोपिलीच्या लढाईची, म्हणजे ग्रीसमधल्या स्पार्टाचे तीनशे योद्धे विरुद्ध पर्शियाची (आजच्या इराणची) फौज, पण समोर ठेवलेलं पुस्तक फ्रँक मिलरचं १९९८चं कॉमिक. त्यातले रंग चित्रकार लिन व्हार्लीचे, आणि माझ्या मते अर्धं श्रेय तिचंच. पुस्तकाची पानं आडवी, रुंद. सिनेमाची फ्रेम त्यांना जवळजवळ आयती मिळाली. शूटिंग ग्रीसमध्ये नाही, कॅनडात मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत झालं, बहुतेक सगळं निळ्या पडद्यासमोर. म्हणजे समुद्र, कडे, आकाश यातलं शूटिंगच्या वेळी काहीच नव्हतं. जे हवं तेवढंच नंतर घातलं. तुमच्याकडे तसा पडदा आणि तेवढी माणसं नाहीत. तेव्हा तुम्ही उलटं करायचं: जे नको ते शूटिंगच्या आधीच फ्रेमबाहेर काढायचं.

जागा निवडताना हिरवळ टाळा. दगडाची खाण, कातळ, उन्हाळ्यातला उघडा माळ उत्तम. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला ठेवून वर बघा. मागे फक्त आकाश उरतं. पर्शियन सैनिकांना कड्यावरून समुद्रात ढकलतात तो प्रसंग आठवा. आकाशासमोर नुसत्या काळ्या आकृत्या, आणि तरी सगळं कळतं. सूर्य पाठीमागे ठेवलात तर तो शॉट फुकटात मिळतो.

कपड्यांत तीनच रंग: लाल, तपकिरी, काळा. चौथा दिसला की घरी पाठवा. लाल झग्याला सॅटिन किंवा अस्तराचं चकचकीत कापड घेऊ नका, ते ऊन परत फेकतं आणि नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडून आणल्यासारखं वाटतं. जाड, मळकं मरून सुती कापड घ्या, चहाच्या पाण्यात बुडवा, कडा दगडावर घासा. अंगावर घाम हवा असेल तर पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून स्प्रे मारा. नुसतं पाणी दोन मिनिटांत वाळतं.

उघड्या छातीबद्दल एक सांगते. खरे स्पार्टन लढवय्ये असे लढत नसत. काशाचं शिरस्त्राण, चिलखत, मोठी गोल ढाल असा त्यांचा जामानिमा होता. मिलरने ते मुद्दाम काढून टाकलं, कारण त्याला शरीरं काढायची होती. तुमच्या बाजीप्रभूंना मात्र चामड्याची चड्डी घालू नका. लूक घ्या, पोशाख नको.

उजेड एकाच बाजूने, कडक. उजेड परत फेकायला थर्माकोलचा बाउन्स चेहऱ्यासमोर धरायची सवय इथे सोडा. उलट चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला काळं कापड धरा, म्हणजे गालाखालची सावली गडद होते. कॅमेऱ्यात मात्र सावल्या पूर्ण काळ्या करू नका. लॉग प्रोफाइल (फिकट चित्र देणारी, पण सावल्यांतला तपशील टिकवणारी सेटिंग) असेल तर त्यात शूट करा, नसेल तर कॉन्ट्रास्ट सगळ्यात कमी ठेवा. काळं नंतर कधीही करता येतं, काळ्यातून तपशील परत काढता येत नाही.

स्लो मोशनला कॅमेरा पाल मोडवर (२५-५०-१०० फ्रेमवाली सेटिंग) टाकून सेकंदाला १०० फ्रेम घ्या. २५च्या टाइमलाइनवर ते बरोबर चौपट संथ होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली १२० फ्रेमवर चित्र लुकलुकतं. १०० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवलं तर तो त्रास बहुधा होत नाही.

पण सगळंच संथ केलंत तर काही उरत नाही. स्पार्टाचा राजा लिओनिडास एकटा पुढे सरकत एकेकाला आडवा करतो तो लांब शॉट पुन्हा बघा. धावणं वेगात, भाला लागण्याच्या क्षणी संथ, मग पुन्हा वेग. त्यातच चित्र एकदम जवळ येतं आणि लांब जातं. त्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या लेन्सचे तीन कॅमेरे एकत्र बांधून चालवले आणि नंतर एका चित्रातून दुसऱ्यात उडी मारली. तुम्ही शूट ४केमध्ये करा, टाइमलाइन १०८०ची ठेवा. दुपटीपर्यंत झूम केलं तरी चित्र फुटत नाही. वार लागतो तिथेच झूम, बाकी ठिकाणी हात आवरा.

आता कॉम्प्युटर. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि रंगकामाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. सिनेमाच्या टीमने या रंगकामाला ‘क्रश’ म्हटलं होतं, म्हणजे सावल्या दाबून काळ्या करायच्या. वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) उघडा आणि लिफ्ट (गडद भागांचं चाक) खाली आणा, सगळ्यात गडद भाग शून्याला टेकेपर्यंत. डोळे त्यात बुडाले तर जास्त झालं. कर्व्हने हायलाइट, म्हणजे उजळ भाग, वर ढकला. आकाश थोडं जळलं (पांढरंफट्ट झालं) तरी चालेल, तिथेही जळतं. मग सॅच्युरेशन साधारण निम्म्यावर आणा, पुढच्या नोडमध्ये (रंगकामाच्या पुढच्या पायरीत) क्वालिफायर या रंग निवडायच्या साधनाने फक्त लाल पकडून त्याला रंग परत द्या. मिडटोन (ना गडद ना उजळ असे मधले भाग) किंचित पिवळ्या-तपकिरीकडे न्या, त्वचा काशासारखी होते. हा क्रम मोडू नका. लाल आधी वाढवलात तर चेहरेही त्यात ओढले जातात.

शेवटी ग्रेन, म्हणजे फिल्मवरचा बारीक दाणा. त्यांनी ३५ मिमी फिल्मवर शूट केलं होतं आणि दाणा लपवलेला नाही. फुकट आवृत्तीत ग्रेनचा इफेक्ट वॉटरमार्कसकट येतो, म्हणून ग्रेनची क्लिप वरच्या ट्रॅकवर टाकून कंपोझिट मोड ‘ओव्हरले’ करा, ओपॅसिटी कमी ठेवा.

एक गोष्ट त्या सिनेमातून उचलू नका: शत्रूला राक्षस करणं. पर्शियन तिथे माणसं वाटतच नाहीत, आणि इराणमधून त्यावर सरकारी पातळीवरही निषेध झाला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या वर्णनात शेवटच्या दिवशी स्पार्टनांबरोबर थेस्पिया या ग्रीक शहराचे ७०० थेस्पियनही लढून मेले. सिनेमाने त्यांनाही जवळजवळ गायब केलं. फ्रेममधून गवत काढा, माणसं नको.

एक्स्पोर्ट करताना बिटरेट (सेकंदाला किती डेटा) भरपूर ठेवा, काळ्या भागात पट्टे आधी पडतात. आणि मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तुमचा सगळा ग्रेन तिथे चिखल होतो.