पोपटी शिजेपर्यंत चीजचं ताट

पोपटी म्हणजे आमच्या रायगडकडचं, मडक्यात भरून जाळात शिजवायचं खाणं. तिचं मडकं एकदा जाळात गेलं की अर्धा-पाऊण तास कुणालाच काही काम नसतं. आत भांबुर्ड्याच्या, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाच्या, पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी शिजत असतात आणि बाहेर पोरं भुकेनं कावलेली असतात. आमच्या अलिबागजवळच्या नागावच्या वाडीत या मधल्या वेळेसाठी मी चीजचं ताट मांडते. वेफर्स ठेवले की त्यांनीच पोट भरतं आणि पोपटी उरते. चीज माणूस थोडं आणि चवीनं खातो.

पुढं जेवण आहे हे धरून माणशी ५० ग्रॅम पुरे, म्हणजे दहा जणांना अर्धा किलो. प्रकार तीनच घ्या. सात-आठ प्रकारांचे चिमुकले तुकडे मांडले तर कशाचीच चव जिभेवर राहत नाही. एक कडक नि तिखटसर, म्हणजे मुरलेलं चेडार. एक मऊ, गोडसर गौडा. ही दोन्ही मी मुंबईहून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला यायला तासभर लागतो, तेव्हा बर्फाच्या पिशवीत घालूनच आण, असं बजावून सांगावं लागतं.

तिसरं घरचं. अर्धा किलो घट्ट दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं रात्रभर फ्रीजमध्ये. श्रीखंडासाठी टांगतो तसं बाहेर खुंटीला टांगू नका, आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत आंबट होतं. पाव किलोच्या आसपास चक्का निघतो. त्यात मीठ, भरडलेली मिरी आणि बारीक चिरलेली ओल्या लसणीची पात कालवा. शास्त्राप्रमाणे याला चीज म्हणता येणार नाही, पण ताटावर सगळ्यात आधी हेच संपतं.

शाकाहारी पाहुणे असतील तर चीजच्या वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघाच. दूध विरजून घट्ट करायला रेनेट लागतं. ते सूक्ष्मजीवांपासूनही मिळतं आणि वासराच्या जठरातूनही. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटनंच बनतं. पाहुण्यानं विचारायच्या आधी आपण सांगावं, यात संकोच नको.

फ्रीजमधलं गार चीज मेणासारखं लागतं, त्याचा वासही उमलत नाही. म्हणून चेडार आणि गौडा पाऊण तास आधी बाहेर काढा, चक्का मात्र अगदी आयत्या वेळी. समुद्राकाठच्या हवेत गार चीजला लगेच घाम सुटतो. वर कोरडं सुती फडकं टाका आणि मांडण्याआधी हलक्या हातानं टिपून घ्या. दोन तासांच्या वर काहीही बाहेर ठेवू नका.

आता सोबतीचं, आणि इथं कोकणाला तोड नाही. स्पेनमध्ये मांचेगो चीजबरोबर मेंब्रियो, म्हणजे क्विन्स फळाची आटवलेली घट्ट वडी खातात. खारट चीज आणि आटवलेलं आंबटगोड फळ, एवढंच ते गणित. ते काम आपली आंबापोळी करते. बोटभर रुंद पट्ट्या कापा, चेडारच्या तुकड्याभोवती एक गुंडाळून बघा. गौड्याबरोबर पेरूच्या फोडी. चिकू घ्याल तर पिकलेला पण घट्ट, नाहीतर ताटावर लगदा होतो.

पण माझा जीव कांद्यात आहे. अलिबागचा पांढरा कांदा मुळात गोड. माळेतले पाव किलो कांदे पातळ उभे चिरा आणि चमचाभर तुपावर अगदी मंद आचेवर ठेवा. पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी सुटतं, मग कांदा काचेसारखा होतो, मग कडेनं पिवळा पडायला लागतो. इथं घाई करून आच वाढवली की करपलाच. अर्ध्या तासानं तो बदामी आणि चिकट झाला की दोन चमचे किसलेला गूळ आणि चमचाभर कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घाला. आगळात मीठ असतंच, वेगळं मीठ चव बघूनच. गूळ विरघळून कांद्याला चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर बरणीत भरा, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो. चेडारवर हा कांदा म्हणजे दुसरं काही मागायलाच नको.

कुरकुरीत हवं म्हणून पेणचे पोह्याचे पापड, तळलेले नाही, निखाऱ्यावर भाजलेले. ते तिखट असतात, म्हणून चक्क्याशी जमतात. तांदळाच्या भाकरीचे त्रिकोण तव्यावर मंद आचेवर कडक करूनही छान लागतात. हे सगळं घट्ट डब्यात ठेवा आणि माणसं बसल्यावरच काढा, नाहीतर दहा मिनिटांत वातड. मूठभर खारे काजू हवेतच.

मांडणीला मी फणसाचा पाट वापरते, वर केळीचं पान. चेडारचे चौकोनी तुकडे करू नका. सुरीचं टोक खुपसून ढलप्या काढा, त्या खडबडीत कडांवर कांदा धरून राहतो. गौड्याचं बाहेरचं लाल-पिवळं मेण खायचं नसतं, ते आधीच सोलून टाका. प्रत्येक चीजला वेगळी सुरी, कांद्याला वेगळा चमचा.

आणि मुंग्या! वाडीत ताट जमिनीवर ठेवलं की पाच मिनिटांत रांग लागते. परातीत बोटभर पाणी घाला, मध्ये जड पातेलं पालथं घाला आणि त्यावर पाट ठेवा. पाट परातीच्या कडेला टेकता कामा नये, तेवढी काळजी घ्या.

मडक्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर चर्र झालं की पोपटी तयार. तेव्हा ताट उचला. उरलेलं चेडार आणि गौडा बटर पेपरात वेगवेगळं गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि सकाळी गरम घावनावर किसून घाला.