मुलांची मैत्री इन्स्टाग्रामवर कशी वाचावी : साताऱ्यातल्या पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी

दहावीतली नात मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिचा फोटो टाकून खाली 'माझी बायको' असे लिहिते, नातू मित्राला 'लव्ह यू भावा' म्हणतो, आणि परवापर्यंत राजवाड्यावर एकत्र पाणीपुरी खाणाऱ्या तिघींपैकी एकीचे सगळे फोटो एका रात्रीत दिसेनासे होतात. घरातल्या मोठ्यांना यातले फारसे उलगडत नाही. त्यामुळे कधी नको तिथे धसका घेतला जातो, तर कधी जिथे खरोखर लक्ष घालायला हवे तिथे 'पोरांचा खेळ' म्हणून विषय सोडून दिला जातो. मुलांचे असे काही समोर आले की अर्थ लावण्याची घाई करू नये. हे कोणासाठी लिहिले आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

मुलीच्या खात्याला फॉलोअर, म्हणजे तिचे टाकलेले पाहणारे, शेकडो असतील, पण लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर वर्गातले आणि क्लासमधले आठ-दहा चेहरेच असतात. 'माझी बायको' हे शब्द त्या आठ-दहा जणींना हे सांगतात की सगळ्यांत जवळची मैत्रीण हीच. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चुलत्यांचे नाव आधी की मामांचे, निमंत्रकांत कोणाला घेतले आणि कोणाचे राहून गेले, यावरून भावकीत बोलणे बंद झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परक्याला ती नुसती नावांची यादी दिसते आणि घरच्याला त्यातला मान-अपमान लगेच कळतो. मुलांनी टाकलेल्या फोटोवर कोणाला टॅग केले, म्हणजे कोणाचे नाव जोडले, आणि कोणाला वगळले, हे त्याच नजरेने पाहावे.

त्यासाठी इन्स्टाग्रामवर कोणती गोष्ट कुठे टाकली जाते, एवढे समजून घ्यावे लागते. पोस्ट कायम राहते, म्हणून मुले तिथे मोजकेच फोटो ठेवतात. स्टोरी, म्हणजे थोड्या वेळापुरता टाकलेला फोटो किंवा व्हिडिओ, ही सोय २०१६ साली आली; ती चोवीस तासांनी निघून जाते आणि रोजची मैत्री बहुतेक तिथेच दिसते. २०१८ पासून 'क्लोज फ्रेंड्स' नावाची वेगळी यादीही करता येते. त्या यादीतल्यांसाठी टाकलेल्या स्टोरीभोवती हिरवे वर्तुळ दिसते आणि यादीबाहेरच्यांना ती स्टोरी दिसतच नाही. यादीतून काढल्याची सूचना कोणालाही जात नाही. हिरवे वर्तुळ बरेच दिवस दिसले नाही की मुलीला ते आपोआप उमगते, आणि त्या दिवशी तिचे जेवणावरून मन का उडाले हे घरात कोणालाच कळत नाही.

या साऱ्याचा कस वाढदिवसाला लागतो. समजा, गोडोलीतली एक मुलगी रात्री साडेअकरापासून फोन घेऊन बसली आहे. मैत्रिणीचे वर्षभरातले फोटो चाळून तिने चार निवडले आहेत : गॅदरिंगमधला नऊवारीतला, अजिंक्यताऱ्यावर पावसात भिजलेला, शाळेच्या गणवेशातला, आणि एक तोंड वेडेवाकडे केलेला. मोठ्यांना शेवटचा फोटो चेष्टेचा किंवा अपमानाचा वाटेल, पण जवळिकीची खूण तोच आहे, कारण असा फोटो फक्त जिवलग मैत्रिणीने टाकलेला खपतो. बाराच्या ठोक्याला स्टोरी जाते, मैत्रीण ती आपल्या स्टोरीत पुन्हा लावते, आणि सकाळपर्यंत तिच्या पडद्याच्या वरच्या कडेला शुभेच्छांच्या, एकेका स्टोरीची एक अशा, इतक्या बारीक रेघा जमतात की त्या नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसू लागतात. बाराला कोणी टाकले, दुपारी कोणाला आठवण झाली आणि कोणी एकाच फोटोवर भागवले, हे सर्व लक्षात ठेवले जाते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, फ्रेंडशिप डेला, हेच पुन्हा घडते. म्हणून त्या रात्री 'झोप आता' म्हणताना तिला दहा मिनिटे जास्त द्यावीत.

शब्दांच्या बाबतीत एक फरक जपून करावा. 'भावा', 'बायको', 'जान' हे मैत्रीतले उघड शब्द आहेत आणि त्यांत काळजीचे सहसा काही नसते. मुलीच्या फोटोखाली मुलांनी लिहिलेले 'वहिनी' मात्र मला तितके निरुपद्रवी वाटत नाही. त्या एका शब्दाने तिचे नाव तिला न विचारता कोणा मुलाशी चारचौघांत जोडले जाते आणि तो मुलगाही कधी कधी नाहक अडकतो. तिथे मुलीला रागावू नये; 'हे तुला चालते का, की काढून टाकायचे?' असे विचारावे. आपल्या पोस्टखालची कमेंट तिला स्वतःला पुसता येते. खरे प्रेमप्रकरण, असलेच तर, सहसा असे उघड लिहिले जात नाही. पोवई नाक्यावर उभे राहिले तरी कोणाची तरी मावशी भेटते असे हे शहर आहे, त्यामुळे चहाचे दोन ग्लास, यवतेश्वरच्या घाटातली पाठमोरी आकृती, बायोमध्ये, म्हणजे खात्यावरच्या ओळखीच्या ओळीत, एक आद्याक्षर आणि शेजारी कुलूप एवढ्यावरच भागवले जाते. अशी खूण दिसली म्हणून लगेच चौकशी मांडू नये, कारण दोन ग्लासांपैकी दुसरा चुलत बहिणीचाही असू शकतो.

फोटो नाहीसे झाले म्हणजे मैत्री संपली, असेही धरून चालू नये. इन्स्टाग्रामवर पोस्ट न पुसता 'अर्काइव्ह'मध्ये झाकून ठेवता येते, आणि भांडण मिटले की मुले ती परत बाहेर काढतात. त्या मधल्या दिवसांत दुसऱ्या मुलीच्या आईला फोन करणे टाळावे. मुलींमध्ये चार दिवसांत मिटणारी गोष्ट दोन घरांत गेली की वर्षभर चालते.

स्नॅपचॅट या फोटो पाठवण्याच्या ॲपवरची 'स्ट्रीक', म्हणजे रोज न चुकता पाठवण्याची मालिका, मोठ्यांना सर्वांत अनाकलनीय वाटते. दोघांनी चोवीस तासांत एकमेकांना किमान एकेक फोटो किंवा व्हिडिओ पाठवला तर नावापुढच्या ज्वालेशेजारचा आकडा रोज एकाने वाढतो. नुसता लिहिलेला मजकूर त्यात धरला जात नाही आणि वेळ संपत आली की वाळूचे घड्याळ दिसू लागते. म्हणून मूल छताचा किंवा चपलेचा फोटो पाठवताना दिसते. त्या फोटोत सांगण्यासारखे काही नसते, 'मी आहे' एवढीच हजेरी असते. बामणोली-तापोळ्याकडे आजोळी जायचे ठरले आणि तिथे रेंज मिळेल की नाही याची शंका आली, की मुले स्ट्रीक टिकवण्यासाठी मित्राला पासवर्ड देऊन ठेवतात. हे मात्र स्पष्टपणे थांबवावे. तुटलेली स्ट्रीक परत मिळवण्याची सोय त्या ॲपमध्ये आहे, पण दुसऱ्याच्या हाती गेलेल्या खात्यातून जे पाठवले जाईल ते परत घेता येत नाही. त्याच ॲपच्या नकाशावर मूल या क्षणी कुठे आहे हे मित्रांना दिसू शकते. ते कोणाला दिसावे, हे शेजारी बसून एकदा ठरवावे. 'घोस्ट मोड' लावला की कोणालाच दिसत नाही.

आता विचारायचे कसे. खोट्या नावाचे खाते काढून पाळत ठेवू नये. स्टोरी कोणी पाहिली याची यादी टाकणाऱ्याला दिसते आणि अनोळखी नाव मुले लगेच हेरतात. त्यापेक्षा जेवताना नव्हे, तर दोघेच गाडीवरून जाताना किंवा दळण आणायला निघाल्यावर, 'हा फोटो मला कळला नाही, समजावून सांगतेस का?' असे सरळ म्हणावे. आज चाळिशीत असलेल्या अनेक पालकांनी ऑर्कुटवर एकमेकांना टेस्टिमोनियल, म्हणजे मित्राच्या कौतुकाच्या चार ओळी, लिहिली आहेत. ते संकेतस्थळ २००४ ते २०१४ या काळात चालू होते. त्या आठवणीने बोलणे सुरू केले तर मूलही मोकळे होते. याच वेळी खात्यावरची जन्मतारीख खरी आहे का, हे पाहून घ्यावे. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागते, आणि भारतात २०२५ पासून लागू झालेल्या किशोरवयीन खात्यांचे संरक्षण, म्हणजे खाते आपोआप खाजगी राहणे आणि १६ वर्षांखालील मुलांना ते सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागणे, हे सारे त्या तारखेवर अवलंबून आहे.

कोणी मुलीचा किंवा मुलाचा खाजगी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर विषय मैत्रीचा उरत नाही. अशा वेळी मुलाला एका शब्दानेही दोष देऊ नये. संभाषण पुसू न देता त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, पैसे पाठवू नयेत आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांकडे तक्रार करावी. अठरा वर्षांखालील मुलांची लैंगिक स्वरूपाची छायाचित्रे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, मग पाठवणारा वर्गमित्र का असेना. 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवाही आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी समाजमाध्यमे तो फोटो शोधून हटवू शकतात.

राहता राहिले मोठ्यांचे स्वतःचे वागणे. नातीच्या फोटोखाली सर्वांसमोर 'अभ्यास झाला का?' असे लिहू नये, कारण ते तिच्या आठ-दहा जणींत वाचले जाते. आवडले तर हार्ट द्यावे आणि बाकीचे घरी बोलावे. तिचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी तिला दाखवावा, आणि ती 'हा नको' म्हणाली तर कारण न विचारता दुसरा घ्यावा.