ढग येणारच आहेत! आकाशदर्शनाचं लाइव्ह करताना या चुका टाळा

७ सप्टेंबर २०२५ ची रात्र. बदलापूरला बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही चौघं, एक आठ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), एक छोटी मॅक (मॅक्सुटोव्ह, पुढे काच असलेली आखूड दुर्बीण), लॅपटॉप आणि लॅपटॉपवर धरलेली छत्री. चंद्रग्रहण ९:५७ ला सुरू होणार होतं आणि खग्रास ११ ते १२:२२, म्हणजे तब्बल ८२ मिनिटं. सव्वानऊला लाइव्ह चालू केलं तेव्हा चंद्र मस्त दिसत होता, दहाला ढगात गेला तो गेलाच, मग अधूनमधून डोकावून सगळा मिळून सहा-सात मिनिटं दिसला असेल. कॉमेंटमध्ये एकच प्रश्न, "दादा, चंद्र कुठाय?" त्या रात्री आणि त्याआधी काय काय माती खाल्ली ते लिहितोय, तुम्ही निदान नव्या चुका करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकाश मोकळंच असणार असं धरून कार्यक्रम आखायचा. अहो, आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश आपलं नसतंच. ययातीचा (पर्सिड) उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात. निओवाइज धूमकेतू आला जुलै २०२० मध्ये, सूर्यग्रहण २१ जून २०२० ला. तरी दरवर्षी कोणीतरी ऑगस्टमध्ये "तासाला शंभर उल्का बघा" असं पोस्टर टाकतंच (आम्हीपण टाकलंय). उल्काच दाखवायच्या तर १३-१४ डिसेंबरचा मिथुनेचा वर्षाव धरा, हवा कोरडी, थंडीही सोसवेल अशी. आणि ग्रहणासारखी तारीख ठरलेली नसेल तर एकच रात्र जाहीर करू नका. शनी महिनोन्महिने असतो, अष्टमीच्या आसपासचा चंद्र चार-पाच दिवस चांगला दिसतो, तेव्हा "या आठवड्यात ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी, दुपारी चारला कळवतो" असं सांगितलं की लोक समजून घेतात.

आता अंदाज बघण्याबद्दल, कारण इथे आम्ही जाम फसलोय. मोबाइलच्या ॲपमध्ये सूर्याचं नाहीतर चंद्राचं चित्र दिसलं म्हणून निघायचं नाही, ते चित्र पाऊस पडेल का एवढंच धड सांगतं. रडारवर काही नाही म्हणजे ढग नाही असंही नाही, रडारला थेंब दिसतात, नुसता ढग बहुतेक वेळा दिसत नाही. मग आम्ही हुशार झालो आणि हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघायला लागलो, त्यातही गंमत आहे. रात्री उजेड नसतो म्हणून इन्फ्रारेड चित्र बघावं लागतं, ते तापमानावर चालतं, उंचावरचा गार ढग पांढराशुभ्र दिसतो पण खालचा पावसाळी ढग जवळपास जमिनीइतकाच उबदार, त्यामुळे तो फिका करडा होऊन जमिनीत मिसळून जातो. एकदा चित्रात आख्खं कोकण मोकळं दिसत होतं आणि गच्चीवरून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती! म्हणून सूर्य मावळायच्या आधीचं साधं चित्र बघून ठेवा, विंडीसारख्या ॲपमध्ये खालचे, मधले, वरचे ढग वेगवेगळे करून बघा आणि वीस-तीस किलोमीटरवरच्या मित्राला फोन करा. फोनच सगळ्यात भरवशाचा.

लाइव्हमधल्या चुका वेगळ्याच. कॅमेरा ऑटोवर ठेवला की ढग आल्यावर तो एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो, ढग सरकला की स्क्रीनवर पांढरी भाकरी. मॅन्युअलवर लॉक करा. पण ग्रहणात एकाच सेटिंगवर भागत नाही. साध्या पूर्ण चंद्राला १/२५० सेकंदाचा शटर पुरतो, खग्रास झाल्यावर त्याच आयएसओला (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेला) सेकंद-दोन सेकंदही कमी पडतात, तेव्हा तीन-चार सेटिंग आधीच कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा, ढगातून अर्धा मिनिट फट मिळते तेव्हा आकडे आठवत बसायला वेळ नसतो.

आणि डॉबला ट्रॅकिंग (आकाशाबरोबर आपोआप फिरणारी मोटर) नसेल तर चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. ढगाआड गेलेला पाच मिनिटांनी परत आला तर तो फ्रेममध्ये नसणार, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आधीच जुळवून ठेवा. ट्रॅकिंगवाला माउंट (दुर्बिणीची बैठक) असेल तर दुसरं दुखणं, तो आधी ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपण १९ अंश अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, समोर इमारत नाहीतर धुरकट ढग, तो सापडेपर्यंत ग्रहण सुटतं. नुसत्या चंद्रासाठी माउंटची अक्षांशाची पट्टी १९ ला लावून कंपासने उत्तर धरली तरी काम चालतं, फक्त कंपास पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून लांब धरा.

नेटचं थोडक्यात. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला २४ तास लागू शकतात, हे आम्हाला ऐनवेळी कळलं. आणि अपलोड स्पीड त्याच जागी, रात्री त्याच वेळेला तपासा.

चंद्र नसताना गप्प बसायचं नाही! आम्ही बसलो होतो, अकरा मिनिटं काळी स्क्रीन आणि मागे कुत्र्यांचं भुंकणं. आता स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवतो, ढगामागे आत्ता काय चाललंय ते त्यावर दाखवतो. जुनं रेकॉर्डिंगही ठेवतो, पण वर मोठ्या अक्षरात "जुनं" लिहून, लाइव्ह म्हणून खपवलं तर चॅटमधलं कोणीतरी पकडतंच आणि मग खरा चंद्र दाखवला तरी कोणी मानत नाही. राहू-केतू काय, ग्रहणात जेवायचं का, हे प्रश्न येणारच, उत्तरं तयार ठेवा. राहू-केतू म्हणजे चंद्राची पाच अंशांनी कललेली कक्षा सूर्याच्या मार्गाला छेदते ते दोन बिंदू. जेवणाचं म्हणाल तर आम्ही कॅमेऱ्यासमोर कांदाभजी खाल्ली.

सूर्यग्रहणात मात्र ढग म्हणजे धोका, इथे मस्करी नाही. पातळ ढगातून सूर्य डोळ्यांना सुसह्य वाटतो, लोक चष्मा काढतात, कोणीतरी म्हणतं फिल्टर काढा ना, काहीच दिसत नाहीये. काढायचा नाही. ढग सेकंदात सरकतो, आणि दुर्बिणीतून डोळा जायला तेवढं पुरतं. फिल्टर पुढच्या तोंडावर टेपने पक्का करा आणि एक माणूस फक्त दुर्बिणीपाशी उभा ठेवा. एक्स-रेची फिल्म चालत नाही, तीन-तीन जोडल्या तरी नाही.

शेवटचं, दमटपणा. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर आणली की काच लगेच धुकते, तासभर आधी बाहेर काढा. मॅकच्या पुढच्या काचेवर दव बसतं, त्यासाठी जुन्या योगा मॅटची नळी करून तोंडाला गुंडाळा, मस्त चालते. दव रुमालाने पुसायचं नाही, हेअर ड्रायर कमीवर ठेवून लांबून फिरवा. कार्यक्रम संपला की झोप अनावर झालेली असते, आपण ओल्या दुर्बिणीला तशीच झाकणं लावून कपाटात टाकतो आणि दिवाळीला उघडल्यावर आत बुरशीची जाळी. रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा, तोंड जरा खाली करून म्हणजे धूळ बसणार नाही, मग सकाळी सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा.