घरचा अलार्म उगाच वाजतोय? आधी या चुका टाळा

भोंगा वाजू लागला की पहिली धडपड असते ती त्याला गप्प करण्याची. कोड दाबायचा, आवाज थांबला की पुन्हा एकदा कोड दाबून कीपॅड साफ करायचा आणि मग कस्टमर केअरला फोन लावायचा: अलार्म विनाकारण वाजतोय. पलीकडून विचारलं जातं, 'कोणता झोन?' म्हणजे कोणत्या सेन्सरचा किंवा भागाचा क्रमांक? याचं उत्तर नसलं की संभाषण 'बंद करून चालू करून बघा' यावर येऊन अडकतं. खरं तर उत्तर कीपॅडवर आलेलं होतं, घाईत पुसलं गेलं.

बऱ्याच पॅनेलमध्ये (म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यात) पहिल्यांदा कोड दिल्यावर भोंगा थांबतो, पण ज्या झोनमुळे तो वाजला त्याचा क्रमांक पडद्यावर राहतो. दुसऱ्यांदा कोड दिला किंवा पुन्हा आर्म केलं, म्हणजे पहारा सुरू केला, की तो जातो. म्हणून आधी पडद्याचा फोटो काढा. तो क्षण हुकला असेल तर मेनूत इव्हेंट लॉग असतो. त्यात तारीख, वेळ, झोन आणि घटनेचा प्रकार मिळतो. हा प्रकार नीट वाचा. 'अलार्म' म्हणजे सेन्सरने हालचाल किंवा उघडलेलं दार पाहिलं. 'टॅम्पर' म्हणजे एखाद्या उपकरणाचं झाकण सैल झालं किंवा त्याची वायर तुटली. 'ट्रबल' म्हणजे वीज, बॅटरी किंवा संपर्काचा बिघाड. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि फोनवर तिन्हींना 'वाजतोय' म्हटलं की तंत्रज्ञ चुकीचा सुटा भाग घेऊन येतो.

लॉग पाहताना पॅनेलचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा. बॅटरी मेलेली असताना वीज गेली की अनेक पॅनेलची वेळ मूळपदावर जाते. मग लॉगमधली पहाटेची नोंद प्रत्यक्षात दुपारची असू शकते. वेळ बरोबर असेल तर लॉग बरंच काही सांगतो. एकच झोन रोज साधारण एकाच वेळी वाजत असेल तर ऊन किंवा ठरावीक वेळी सुरू होणारा हीटर तपासा. वाऱ्याच्या दिवशीच वाजत असेल तर दार-खिडकीचा कॉन्टॅक्ट (दार उघडल्याचं कळवणारा सेन्सर). कसलाच नेम नसेल तर सैल वायर. आणि तीन-चार झोन एकाच क्षणी गेले असतील तर सेन्सरना हात लावू नका, वीजपुरवठ्याकडे जा.

मोशन सेन्सर चुकीच्या जागी बसवणं

खोट्या अलार्मचा मोठा वाटा इथला. पीआयआर, म्हणजे उष्णतेची किरणं टिपणारा सेन्सर, हालचाल 'बघत' नाही. त्याच्या पुढच्या भिंगाने खोलीचे पट्टे पाडलेले असतात, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात उष्णता सरकली की तो इशारा देतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, सेन्सरच्या समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लगेच कळतो, थेट त्याच्या दिशेने चालत येणारा उशिरा. म्हणून तो दाराच्या बरोबर समोर न लावता कोपऱ्यात असा लावावा, की आत येणाऱ्याला त्याचे पट्टे ओलांडावेच लागतील. दुसरी गोष्ट, माणूस नसतानाही उष्णता सरकली तर तो फसतो. एसीचा झोत, हीटर, उन्हाने तापलेला आणि वाऱ्याने हलणारा पडदा, छताला टांगलेली हलकी सजावट, ही नेहमीची मंडळी.

'रस्त्यावरची माणसं खिडकीतून दिसतात म्हणून वाजतो' हा समज मात्र चुकीचा आहे. शरीरातून निघणारी उष्णतेची किरणं खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत. खिडकीसमोरचा सेन्सर वाजतो तो आत येणाऱ्या उन्हामुळे आणि त्याने तापणाऱ्या वस्तूंमुळे.

उंची बहुतेक घरगुती सेन्सरसाठी २.१ ते २.४ मीटर असते. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा पाळा, कारण भिंग त्या उंचीसाठीच घडवलेलं असतं. पाळीव प्राणी असलेल्या घरात हे आणखी महत्त्वाचं. 'पेट इम्यून' सेन्सर कुत्रा ओळखत नाही, तो जमिनीलगतच्या भागाकडे कमी लक्ष देतो, इतकंच. त्याला खाली झुकवून लावलं तर ती सोय संपते. मांजर सोफ्याच्या पाठीवर किंवा कपाटावर चढली तरी संपते. खोक्यावर प्राण्याचं कितीही वजन लिहिलेलं असो, उडी मारणाऱ्या प्राण्यासाठी हा सेन्सर नाही. त्या खोलीतला सेन्सर रात्रीच्या मोडमधून वगळणं हाच प्रामाणिक उपाय.

उलटी तक्रारही येते: सेन्सर काही केल्या वाजत नाही. त्याचं साधं कारण असं, की बॅटरीवर चालणारे बरेच पीआयआर एकदा हालचाल दिसली की दोन-तीन मिनिटं झोपी जातात, बॅटरी वाचावी म्हणून. खोलीत येरझाऱ्या घालत त्याच्या दिव्याकडे बघत राहिलात तर तो मेला आहे असंच वाटेल. चाचणी नेहमी पॅनेलच्या 'वॉक टेस्ट' मोडमध्येच करा. दुसरं, खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचलं की फरकच उरत नाही आणि सेन्सरचा पल्ला कमी होतो. बंद खोलीत भर उन्हाळ्याच्या दुपारी एकदा चाचणी घ्या.

भिंगावर बसलेला कोळी हे कारण हसण्यावारी नेऊ नका. सेन्सरच्या डोळ्याजवळ तो माणसाएवढा मोठा ठरतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ-जाळी काढा, वायर आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. कीटकनाशक भिंगावर मारू नका, प्लास्टिक धुरकट होतं.

दाराच्या कॉन्टॅक्टमधली फट

इथे मामला सोपा आहे. चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ आहे की नाही ते ओळखणारा स्विच), हलत्या दारावर चुंबक. दार बंद असताना दोन्हींमधलं अंतर बहुतेक मॉडेलमध्ये १५ ते २० मिलिमीटरच्या आत हवं, आणि दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर. लोखंडी दारावर चुंबकाचा जोर कमी होतो, तिथे प्लास्टिकची पट्टी मध्ये घालून तो धातूपासून थोडा उचलावा लागतो. दमट हवेत लाकडी दार फुगतं, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि जेमतेम जुळलेला कॉन्टॅक्ट वाऱ्याच्या झुळकीने सुटतो. दार बंद करून हाताने हलवून बघा. झोन उघड-मीट होत असेल तर सेन्सर बदलण्याआधी कडी-कुलूप घट्ट करा.

वायर्ड झोनचा रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच सोडणं

घाईत काम उरकणारे इन्स्टॉलर ही चूक सर्रास करतात. झोनच्या वायरच्या शेवटी एक रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग) लागतो. पॅनेलच्या कंपनीनुसार तो २.२, ४.७ किंवा ५.६ किलोओहम अशा मूल्याचा असतो. तो सेन्सरच्या टोकाला असला तरच पॅनेलला वायर तुटल्याचं आणि शॉर्ट झाल्याचं वेगवेगळं कळतं. पॅनेलच्या डब्यातच बसवला, की मधली वायर कुणी एकमेकींना जोडून टाकली तरी पॅनेल म्हणतं सगळं ठीक आहे.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. झोनच्या दोन्ही वायर पॅनेलच्या टर्मिनलवरून सोडवा आणि दार बंद ठेवून रोध मोजा. रेझिस्टरच्या मूल्याच्या आसपास आकडा आला तर वायर ठीक. अनंत आला तर कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे किंवा टोकाला रेझिस्टरच नाही. आकडा डुगडुगत असेल तर सांधा गंजलाय.

बॅटरीवर भलता विश्वास

वायर्ड पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-अवरची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती तीन ते पाच वर्षं टिकते, तापणाऱ्या बंद कपाटात त्याहून कमी. चार्जर जोडलेला असताना मोजली तर १३.६ ते १३.८ व्होल्ट दिसतात आणि बॅटरी ठणठणीत वाटते. तो आकडा चार्जरचा असतो. खरी परीक्षा वेगळी: पॅनेलची मुख्य वीज बंद करा, तासभर बॅटरीवर चालू द्या, मग भोंगा वाजवून त्याच वेळी व्होल्टेज पाहा. आकडा झपाट्याने १२ च्या खाली घसरला किंवा कीपॅड विझू लागला तर बॅटरी संपली. नवी जोडताना लाल वायर प्लसला, काळी मायनसला. उलटी लागली की निदान फ्यूज तरी जातोच. बदलल्याची तारीख बॅटरीवर मार्करने लिहा.

वायरलेस सेन्सरमध्ये सीआर१२३ए, सीआर२०३२ किंवा एए अशी बॅटरी असते. इथे रिचार्जेबल सेल घालू नका. एएचा रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतो, आणि सेन्सर पहिल्या दिवसापासून 'लो बॅटरी' ओरडू लागतो. झाकण उघडण्याआधी पॅनेल सर्व्हिस मोडवर न्या, नाहीतर टॅम्पर वाजणारच.

मध्यरात्री थोड्या थोड्या वेळाने येणारा 'टिक' आवाज अलार्मचाच असतो असं नाही. अनेकदा तो छतावरच्या स्मोक डिटेक्टरचा असतो. रात्री गारवा वाढला की थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज आणखी खाली येतं, म्हणून त्याला रात्रीचाच मुहूर्त सापडतो. स्मोक डिटेक्टर दहा वर्षांहून जुना असेल तर बॅटरी नव्हे, तोच बदला.

'बंद करून चालू करा' अर्धवट करणं

फोनवरचा हा सल्ला नेहमीच चुकीचा नसतो, पण भिंतीवरचा प्लग काढल्याने पॅनेल बंद होत नाही, ते बॅटरीवर चालू राहतं. खरंच बंद करायचं तर आतली बॅटरीही सोडवावी लागते. आणि इथे सापळा आहे: बाहेरच्या भिंतीवरच्या भोंग्यात बऱ्याचदा स्वतःची वेगळी बॅटरी असते. पॅनेलकडून येणारी वीज तुटली की कुणीतरी वायर कापली असं समजून तो आपोआप वाजतो. त्या वेळी कुणी शिडीवर त्याच्या शेजारी नको, आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. परत सुरू करताना लक्षात ठेवा, की बरीच पॅनेल नुसत्या बॅटरीवर जागी होत नाहीत, मुख्य वीज लागतेच. जोडण्याचा क्रम पुस्तिकेत असतो. पॅनेलची मुख्य विजेची बाजू मात्र स्वतः उघडू नका.

बायपास विसरणं

त्रास देणारा झोन बायपास केला, म्हणजे पॅनेलला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लावलं, की शांतता मिळते, आणि तिथेच घात होतो. काही पॅनेल डिसआर्म केल्यावर (पहारा बंद केल्यावर) बायपास आपोआप काढतात, काही कायम ठेवतात. शिवाय बऱ्याच पॅनेलमध्ये अशी सोय असते, की एकच झोन एका आर्म काळात ठरावीक वेळा वाजला तर पॅनेल त्याला स्वतःच गप्प करतं. 'आज दोनदा वाजला, मग आपोआप बरा झाला' याचा अर्थ बहुधा हाच: बरा झालेला नाही, त्याचं ऐकणं थांबलंय.

बाहेर पडायला मिळणारा वेळ फार कमी ठेवणं हीसुद्धा याच जातीची चूक. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून केलेल्या अमेरिकी सीपी-०१ मानकात बाहेर पडायला नेहमीची मुदत ६० सेकंद आणि आत आल्यावर कोड दाबायला किमान ३० सेकंद आहे. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर त्याहून थोडा जास्तच ठेवा.

राउटर बदलला आणि अलार्म मुका झाला

भोंगा घरात वाजतोय, पण निरोप बाहेर जात नाहीये, हे महिनोन्महिने कळत नाही. घरगुती अलार्मचे बहुतेक हब (वायरलेस सेन्सर ज्याला जोडले जातात ते मुख्य उपकरण) २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. नवा राउटर आला की त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अर्धी उपकरणं आपोआप जोडली जातील. राउटरला आणि मोडेमला यूपीएस नसेल तर वीज गेल्याबरोबर पॅनेलची बॅटरी भरलेली असूनही निरोप अडतो. हब राउटरला चिकटून किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका. निदान एक मीटर अंतर हवं.

सिमवर चालणाऱ्या जुन्या पॅनेलचं मॉड्यूल २जी किंवा ३जीचं आहे का ते बघा, कारण अनेक देशांत ही नेटवर्क बंद झाली आहेत किंवा होत आहेत. सिमची मुदत संपणं हे आणखी साधं कारण. पॅनेल फोनलाइनवर असेल आणि ती लाइन इंटरनेट फोनमध्ये बदलली गेली असेल तर टोनमधून जाणारे संदेश वाटेत बिघडतात. याची परीक्षा एका प्रश्नात होते. मॉनिटरिंग केंद्राला (अलार्मचे निरोप जिथे पोचतात त्या कंपनीच्या केंद्राला) विचारा, 'आमच्या पॅनेलचा शेवटचा टेस्ट सिग्नल कधी आला?' रोज एक यायला हवा असेल आणि उत्तर आठवड्यापूर्वीचं असेल, तर बाकीच्या चर्चेत वेळ घालवू नका.

कस्टमर केअरशी बोलताना

कोणतीही चाचणी करण्याआधी फोन करून खातं 'टेस्ट'वर ठेवायला सांगा, किती तासांसाठी तेही विचारा, आणि काम संपल्यावर ते काढल्याची खात्री करून घ्या. टेस्टवरच विसरलेलं खातं म्हणजे कुणीच लक्ष ठेवत नाहीये. अलार्म आल्यावर केंद्र विचारेल तो तोंडी पासवर्ड घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा; कीपॅडचा कोड आणि हा पासवर्ड वेगळे असतात, आणि कीपॅडचा कोड फोनवर कुणालाच सांगायचा नसतो. कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा ती यादीही वरचेवर बघा. बंद पडलेला नंबर तिच्यात पहिल्या जागी असणं फार साधी गोष्ट आहे.

तक्रार करताना खाते क्रमांक, पॅनेलचं मॉडेल, झोन, लॉगमधली वेळ आणि कीपॅडवरचा मजकूर जसाच्या तसा सांगा. तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी तो ईमेलमध्ये लिहून पाठवा. पुढच्या फोनला दुसरी व्यक्ती येते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लेखी नोंद नसेल तर तंत्रज्ञ किती वेळा येऊन गेला यावरही वाद होतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र सही करताना होते. यंत्रणा तुमच्या मालकीची की भाड्याची, करार आपोआप वाढतो का, सोडायचा असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचं, आणि इन्स्टॉलर कोड कुणाकडे राहणार, हे चार मुद्दे कागदावर हवेत. मास्टर कोडने रोजचा वापर होतो. झोनची रचना, मुदती आणि संपर्काची सेटिंग इन्स्टॉलर कोडमागे असतात. काही पॅनेल असं कुलूपबंद करता येतं, की फॅक्टरी रीसेट करूनही तो कोड निघत नाही. म्हणून कंपनी सोडण्याआधी, शेवटचं बिल भरण्याच्या सुमाराला, तो कोड मूळपदावर आणून देण्याची मागणी ईमेलने करा. ते नाही झालं तर नव्या कंपनीला पॅनेल बदलावं लागेल. वायर्ड सेन्सर आणि भिंतीतल्या वायर बहुधा नव्या पॅनेलवर तशाच चालतात. वायरलेस सेन्सर सहसा त्याच कंपनीच्या पॅनेलशी बोलतात, तेव्हा नव्या कंपनीकडून दर मागताना दोन्हींची संख्या वेगवेगळी सांगा.