फायनलवर वेग उतरत नाही? या चुका टाळा

सुट्टीला साताऱ्यात आलो की कराडच्या धावपट्टीवर सेसना शिकलेली दोन-चार पोरं माडीवरच्या माझ्या सिम्युलेटरवर बोइंग 737 उडवायला येतात. चूक ठरलेली. फायनल, म्हणजे उतरण्याआधीचा धावपट्टीसमोरचा शेवटचा सरळ टप्पा. तिथे धावपट्टी सहा मैलांवर असताना वेग 200 नॉट (तासाला 200 सागरी मैल), थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या जोराचा दांडा, पार मागे आणि साहेब वेगाच्या काट्याकडे बघत बसलेले. "काका, कमीच होईना!"

होईल कसा? सेसनात थ्रॉटल मागे घेतला की प्रोपेलरच अडवतो. जेटचं अंग गुळगुळीत, त्यात 3 अंशांचा उतार. यवतेश्वरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरून बघा, तसंच. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणारे भाग) बाहेर असतील तर मैलाला 10 ते 20 नॉट उतरतात. म्हणजे 200 वरून 140 ला यायला तीन ते सहा मैल. आणि 1,000 फुटांवर, साधारण तीन मैलांवर, सगळं स्थिर हवं. करा हिशोब.

को-पायलट असताना मीही शेण खाल्लंय. कंट्रोलर म्हणाला, चार मैलांपर्यंत 180 धरा. नवखा होतो, नाही म्हणायची लाज वाटली. मागून 12 नॉटांचा वारा. चार मैलांवर उंची जेमतेम 1,300 फूट. मग चाकं, फ्लॅप, नुसती धांदल. 1,000 फुटांवर 164 नॉट. हवे होते 141. "अजून होईल सर," मी म्हणालो. कॅप्टनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडा, पुन्हा वर चला. पुढची पंधरा मिनिटं कॉकपिटमध्ये कामापलीकडे चकार शब्द नाही.

तेव्हापासून 180 सांगितले की मी सरळ "160 जमेल" म्हणतो. सात मैलांवर चाकं खाली. इंधन जास्त जळतं म्हणणारे म्हणोत.

फ्लॅपचा ब्रेक करू नका. त्यांच्या वेगमर्यादा कमी, 737 ची चाकं मात्र 270 नॉटपर्यंत खाली करता येतात.

स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवर उभ्या राहून हवा अडवणाऱ्या फळ्या, 1,000 फुटांखाली नाही. यूट्यूबवर काहीही दाखवू देत.

उलटी चूक जास्त वाईट. उंच राहिलो म्हणून इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर, आणि मग वेग बघायचंच विसरायचं. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोला एका 777 चं हेच झालं. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, वेग धरेल ही समजूत. 137 नॉट हवे तिथे 103 वर आलं. शेपटी धावपट्टीआधीच्या समुद्री बांधावर आपटली, तिघे गेले. आयडलवरच्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढे तिथे उरलेले नसतात. म्हणून फायनलवर माझा हात थ्रॉटलवरून निघत नाही, नाकाला खाज सुटली तरी.